शिकायला सोपा, पण सोडवत नाही असा गेम कसा करायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दादरला दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण गेम डिझाइनचा छोटा वर्ग घेतो. कॉलेजची मुलं येतात, नोकरी सांभाळून येणारे प्रोग्रॅमर येतात, एक-दोन चित्रकार असतात, अधूनमधून एखाद्या शाळेच्या बाईही येतात. प्रत्येक नव्या बॅचला तेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण वर्गातही त्यांच्यावरच सगळ्यात जास्त वेळ जातो.

सोपा गेम आणि शिकायला सोपा गेम, यांत फरक काय?

बदाम सत्ती आठवा. मे महिन्यात मामाकडे पोरं जमली आणि त्यात एखादं सात वर्षांचं पोर नवीन असलं, तर त्याला कोणी नियम वाचून दाखवत नाही. बदाम सत्ती ज्याच्याकडे त्याने उतरायचं, मग सत्तीच्या वर अठ्ठी, खाली छक्की, उतरण्यासारखं पान नसेल तर पास. एका डावात सगळं कळतं. तिसऱ्या-चौथ्या डावाला त्या पोराच्या लक्षात येतं की ताई इस्पिक छक्की मुद्दाम दाबून बसली आहे. दुसरं पान उतरता येतंय तोवर ती छक्की सोडणार नाही, आणि तोवर खालची सगळी इस्पिकं हातात कुजणार. तिथून खरा खेळ सुरू होतो. नियम तेवढेच राहतात, पण खेळणाऱ्याला दिसणारं जग मोठं होतं.

सोप्या गेममध्ये हे दुसरं दार उघडतच नाही. सापशिडीत फासा टाकला की सोंगटी हलते, आपल्याला काही ठरवायचं नसतं. लहानपणी मजा येते, मोठेपणी आपण फक्त मुलांसाठी खेळतो.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात हा धडा अगदी सुरुवातीलाच मिळाला. १९७१ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा 'कॉम्प्युटर स्पेस' हा नाणं टाकून खेळायचा गेम आला. यान वळवायला वेगळी बटणं, पुढे ढकलायला वेगळं, गोळी झाडायला वेगळं. नवख्या माणसाला ते झेपलं नाही. पुढच्याच वर्षी अटारीने 'पाँग' आणला. गोल बटण फिरवलं की फळी वरखाली होते, चेंडू अडवायचा. चेंडू चुकू दिला नाही तर गुण मिळतील, एवढी सूचना पुरली. पण चेंडू फळीच्या कडेला लागला की जास्त तिरका जातो हे खेळता खेळता हाताला कळायचं, आणि मग समोरच्याला फसवण्यात रंगत यायची.

मग बटणं किती ठेवायची?

शक्य तितकी कमी. खेळ रंगतदार करायला कृती वाढवाव्या लागत नाहीत, बंधन नीट घालावं लागतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही आणि खांब येईपर्यंत उलट फिरता येत नाही. ही दोन बंधनं काढून टाका, उरते ती साधी शिवाशिवी. 'खो' देण्याची सगळी अक्कल त्या बंधनांतून जन्मली आहे.

सुरुवातीला ट्युटोरियल हवंच ना? नाहीतर लोकांना कळणार कसं?

आमच्या पिढीने मारिओ कुठे शिकला ते सांगते. टीव्हीला लावायचा नकली कन्सोल, पिवळी कॅसेट, सोबत कसलंही माहितीपत्रक नाही. चाळीत एकाच घरात तो डबा असायचा आणि सगळी पोरं तिथे. इंग्रजी कोणाला धड येत नव्हतं. तरी पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना खेळता आलं. हे आपोआप घडलं नव्हतं.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, निन्टेन्डोचा, शिगेरू मियामोतोंच्या चमूने केलेला. त्याचा पहिला पडदा डोळ्यांसमोर आणा. मारिओ डाव्या कडेजवळ, तोंड उजवीकडे, उजवीकडची जागा मोकळी. कुठे जायचं हे चित्रच सांगतं. थोडं पुढे गेलं की चमकणारी प्रश्नचिन्हाची वीट, आणि समोरून चालत येणारा रागीट तपकिरी प्राणी. तो मारिओला लागला तर मारिओ मरतो, पण आत्ताच सुरुवात केली असल्याने गमावलेले असतात दोन-तीन सेकंद. पुन्हा येतो, उडी मारतो. उडी चुकून त्याच्या डोक्यावर पडली तर तो चेपतो. म्हणजे चुकीतूनसुद्धा शिकायला मिळालं.

आता मशरूम बघा. विटेला डोकं मारलं की मशरूम बाहेर येतो आणि उजवीकडे सरकत जातो. पुढे हिरवा पाइप आहे, त्याला आपटून तो उलटा आपल्याकडे येतो. आत्ताच एका सरकत्या गोष्टीने मारलेलं असतं, त्यामुळे नवखा खेळाडू घाबरून उडी मारतो. पण वर विटांचं छत आहे, उडी छताला अडते आणि मशरूम बहुतेक वेळा अंगावर येतोच. मारिओ मोठा होतो. मशरूम चांगला असतो हे कोणी सांगितलं नाही, पण आता ते कधी विसरणार नाही.

म्हणून आमचा आग्रह: सूचनांचे पडदे लिहायला घेण्याआधी जागा, क्रम आणि परिणाम यांनी तीच गोष्ट शिकवता येते का ते बघा. पहिल्यांदा शिकवाल तिथे चुकीची किंमत जवळजवळ शून्य ठेवा. एका वेळी एकच गोष्ट. सूचना लिहावीच लागली तर ती लागेल त्या क्षणी, त्याच वस्तूजवळ, चार शब्दांत.

दुसरी वाट ओळखीची आहे. नवी मुंबईत बनलेल्या 'लुडो किंग'ला नियम शिकवावे लागले नाहीत, लोक ते घरूनच घेऊन आले. तुमच्या गेममध्ये हंडा असेल तर तो भरेल आणि सांडेल हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. हे ठाऊक असणं फुकट मिळालेलं शिक्षण आहे, ते वाया घालवू नका.

नवख्यांना सांभाळून घेतलं तर मुरलेले खेळाडू कंटाळणार नाहीत का?

गल्लीत यावर उत्तर फार पूर्वीच निघालं आहे: कच्चा लिंबू. धाकटा भाऊ खेळायला आला की तो कच्चा लिंबू. तो धावतो, ओरडतो, लपतो, सगळं करतो. फक्त आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांच्या डावात काही फरक पडत नाही आणि धाकटा खेळ शिकून जातो. दोन-तीन आठवड्यांत तोच म्हणतो, मला आता कच्चा लिंबू नको.

चांगले गेम हेच करतात, बहुतेकदा गुपचूप. कड्यावरून उडी मारायची आहे आणि बोट जरासं उशिरा पडलं, मारिओसारख्या गेममध्ये नेहमी घडतं ते. पाय कड्यावरून सुटल्यावरही काही फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) उडी मान्य करायची, अशी एक जुनी युक्ती आहे. तिला कोयोटी टाइम म्हणतात, हवेत क्षणभर तरंगणाऱ्या त्या कार्टूनमधल्या प्राण्यावरून. २०१८ चा 'सेलेस्ट' हा अतिशय कठीण गेम आहे, पण त्यात ही सवलत आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल तर ५ फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. खेळणाऱ्याला ती सवलत जाणवत नाही. त्याला वाटतं, बटणं ऐकतात. उलट बाजूनेही तसंच: जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी उडीचं बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकताक्षणी उडी द्यायची.

सेलेस्टमध्ये उघड सवलतींचाही मेनू आहे. गेमचा वेग कमी करता येतो, दम संपू नये अशी सोय करता येते, मरण बंद करता येतं. आणि त्यासाठी कुठेही कमीपणा दाखवलेला नाही. आमच्या वर्गात हा मुद्दा मी दरवेळी ठासून सांगते. हात थरथरणारे, नजर अधू असलेले, आयुष्यात पहिल्यांदा गेम हातात घेतलेले लोकही खेळायला येणार आहेत. त्यांच्यासाठी जागा केलीत म्हणून पट्टीच्या खेळाडूचं काहीही कमी होत नाही.

अवघडपणा कसा वाढवत न्यायचा?

सरळ चढत्या रेषेत नको. नवी गोष्ट आली की ती सोप्या जागी द्या, मग तिचा कस बघा, मग आधीच्या गोष्टीशी तिची गाठ घाला, आणि त्यानंतर थोडा श्वास घेऊ द्या. चढ, सपाटी, पुन्हा चढ. सिंहगड चढताना मध्ये ताकाला थांबतो तसं.

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ची, म्हणजे वरून उतरणाऱ्या परग्रहवासींना टिपायच्या गेमची, गोष्ट इथे सांगायला हवी. तोमोहिरो निशिकादोंनी पडद्यावर ५५ परग्रहवासी ठेवले होते. तेव्हाच्या यंत्राला एवढी चित्रं हलवायला वेळ लागायचा. जसजसे ते मरत जायचे तसं काम कमी व्हायचं आणि उरलेले वेगाने धावायचे. यंत्राच्या मर्यादेतून आलेला हा वेग त्यांनी गेममध्ये तसाच राहू दिला. शेवटचा एकटा उरलेला जीव सुसाट पळतो तेव्हाची धडधड ज्याने अनुभवली आहे त्याला ताण कसा चढवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

गेम पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो तो बक्षिसांमुळे का?

बक्षिसांनी माणूस येतो, पण रमतो तो ठरवण्यात. दर काही सेकंदांनी खेळणाऱ्याला छोटासा निर्णय घ्यावा लागला पाहिजे, आणि त्या निर्णयाचं फळ लगेच, स्पष्ट दिसलं पाहिजे. 'टेट्रिस' १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेय पाझितनोव यांनी केला. वरून पडणारे आकार रचून आडव्या ओळी भरायच्या. आकार सातच, प्रत्येकात चौकोन चार. लांब पट्टीसाठी बाजूचा खड्डा मोकळा ठेवायचा की आत्ताच भरून टाकायचा, हा एक प्रश्न माणसाला तासन्‌तास बांधून ठेवतो.

चक्रव्यूहात ठिपके खात पळायच्या 'पॅक-मॅन'ची चार भुतंही अशीच. लाल भूत थेट आपल्या मागे लागतं, गुलाबी आपल्या चार घरं पुढची जागा धरतं. खेळणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत हे त्याला जाणवतं आणि तो त्यानुसार वळतो. तोरू इवातानींचा हा गेम १९८० चा. आजही कोणाच्याही हातात द्या.

दुसरी बाब प्रतिसादाची. बटण दाबलं आणि काहीच हललं नाही, आवाज आला नाही, तर खेळणारा आधी स्वतःला दोष देतो आणि मग गेम बंद करतो.

गेम लोकांना दाखवून कसा तपासायचा?

फोन हातात द्या आणि गप्प बसा. याहून अवघड काम गेम डिझाइनमध्ये नाही.

आम्ही एक छोटा गेम करत होतो. चाळीतला सामाईक नळ, पाणी थोडाच वेळ येणार, कळशी, हंडा, बादली, पिंप एकामागून एक नळाखाली सरकवायचं, सांडलं तर गुण कमी. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'भांडं बोटाने सरकवा'. आम्हाला वाटत होतं झालं आता. मी तो आमच्या मजल्यावरच्या मावशींना दिला. त्यांनी फोन डाव्या हातात धरला, अंगठा बरोबर त्या ओळीवर आला, म्हणजे ओळ त्यांना दिसलीच नाही. कळशी भरत आली. मावशींनी बोट नेलं ते थेट नळावर. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. कळशी भरून वाहू लागली. "अगं, नळ बंद होत नाही तुझा! पाणी वाया चाललंय सगळं!" त्या खरोखर कासावीस झाल्या होत्या. माझ्या जिभेवर आलं होतं, मावशी, नळ नाही, भांडं सरकवा. मी ओठ मिटून वहीत लिहिलं: नळावर तीन वेळा टॅप.

त्या रात्री आम्ही भांडलो. एकाचं म्हणणं, नळावर फुली दाखवू. शेवटी नळ बंद करता येईल असंच केलं. नळ बंद असताना पाणी सांडत नाही, पण पाण्याची वेळ पुढे सरकत राहते, आणि पुन्हा उघडला की क्षणभर जोराची धार येते. आता खेळणाऱ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला: सांडू द्यायचं की वेळ घालवायची? जोराची धार पिंपाला चालते, कळशी मात्र एका झटक्यात भरून वाहते. पूर्ण गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट मावशींच्या त्या तीन टॅपमधून आली.

म्हणून तपासताना काय आवडलं ते विचारू नका. लोक मनाने चांगले असतात, छान आहे म्हणतात. बोट कुठे जातं, कुठे थांबतं, कपाळावर आठी कधी येते ते लिहा. पाच माणसं पुरतात सुरुवातीला, पण दर वेळी नवी हवीत. ज्याने एकदा खेळला तो पहिल्यांदा खेळणारा उरत नाही, त्यामुळे ओळखीची माणसं जपून वापरा. आणि त्या पाचांत किमान दोघं अशी असू द्या ज्यांना गेमचा नाद नाही.

लोकलमध्ये खेळला जाईल असा मोबाइल गेम करताना काय बघावं?

गर्दीच्या गाडीत एक हात वरच्या कडीला असतो, म्हणजे उभा फोन आणि एकच अंगठा. महत्त्वाची बटणं खालच्या अर्ध्या भागात, पण अगदी कडेला नकोत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोटासाठीची जागा साधारण ९ मिलिमीटरची सुचवली आहे. धक्के खात खेळायचं तर त्याहून मोठी ठेवा.

आवाज बंद धरूनच चाला. आवाजाने जे सांगता ते चित्रानेही सांगा, आणि रंगाने जे सांगता ते आकारानेही, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक आपल्या समजुतीपेक्षा बरेच असतात. डाव दोन स्टेशनांमध्ये संपेल इतका छोटा असावा. कोणत्याही क्षणी फोन खिशात गेला तर गेम तिथेच थांबून राहिला पाहिजे. गल्लीत 'टाइम प्लीज' म्हटलं की सगळे थांबतात, तसं. नेट गेलं म्हणून डाव गेला असं होता कामा नये.

आणि जुलै महिन्यात एकदा ओल्या बोटांनी खेळून बघा. पडद्यावरच्या थेंबामुळे भलतीकडेच टॅप लागतात. न परतवता येणारी कृती एका टॅपवर ठेवू नका, हे तेव्हा पटतं.

मराठीत गेम करायचा आहे. काय अडचणी येतात?

पहिली अडचण अक्षरांची. काही इंजिनांमध्ये (गेम ज्यात बनवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) देवनागरी नीट जुळत नाही: 'किल्ली'मधली पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते, 'ल्ल'चा पाय मोडलेला दिसतो. गोडो या इंजिनाची २०२३ मध्ये आलेली चौथी आवृत्ती हे व्यवस्थित करते. कोणतंही इंजिन निवडण्याआधी 'कृष्ण, किल्ली, राष्ट्र, ज्ञान, वर्षा' एवढं टाइप करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फाँटसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींचे मुक्ता आणि बलू मोफत मिळतात. लहान आकारात मुक्ता वाचायला स्वच्छ, मथळ्यांना बलू गुबगुबीत. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

दुसरी अडचण बोलण्याची. गेम खेळणाऱ्याला 'तू' म्हणणार की 'तुम्ही'? आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. लहान मुलांना 'पळ!' आणि 'पकड!' जवळचं वाटतं, मावशींना ते खटकेल. 'प्रारंभ करा' असं सरकारी फलकासारखं लिहू नका; 'खेळा' पुरे. लेव्हलला लेव्हलच म्हणा.

कोणतं इंजिन घ्यावं?

जे तुमच्या मित्राला येतं ते. कोणीच नसेल तर गोडो: मोफत, मुक्त परवान्याचं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

मला कोडिंग येत नाही. वर्गाला येऊ का?

जरूर या. पहिले दोन शनिवार आम्ही लॅपटॉप उघडतच नाही. कागदाचे तुकडे, बटणं, चिंचोके, फासे. नळाचा गेमही आधी वर्तमानपत्रावर वाट्या सरकवून खेळला होता. कागदावर रंगत नाही तो गेम ग्राफिक्स लावल्यावर रंगेल अशी आशा धरू नका. हाताच्या चपळाईवर चालणाऱ्या गेमला मात्र हे लागू नाही, त्यांना लवकर फोनवर आणावंच लागतं.

लोकांना व्यसन लागेल असा गेम करायला शिकवता का?

नाही. रोज आला नाहीत तर बक्षीस बुडेल अशी धमकी, संपत आलेल्या वेळेचा खोटा आकडा, काय मिळेल ते न दाखवता विकत घ्यायला लावलेल्या पेट्या, हे आम्ही शिकवत नाही आणि कोणी केलं तर वर्गात सगळ्यांसमोर त्याबद्दल बोलतो. एखाद्या पोराची झोप आपल्या आकडेवारीसाठी खर्च करायची नाही.

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दलही विचारणा होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांवरचे ऑनलाइन गेम पुरवायला त्यात बंदी आहे, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि साध्या गेमना मात्र त्याच कायद्याने प्रोत्साहन दिलं आहे.

मुंबईत पूर्णवेळ कुठे शिकता येईल?

पवईला आयआयटीचा आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, १९६९ पासूनचा. डिझाइनचा पाया तिथे भक्कम होतो. २०२५ मध्ये पेडर रोडवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, तिथे गेमिंग, ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स (सिनेमातल्या संगणकी दृश्य करामती) यांवर भर आहे. प्रवेशाच्या अटी त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

पहिल्या शनिवारी येताना काय आणायचं?

एक वही, पत्त्यांचा कॅट, आणि तुम्ही गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त खेळलेला गेम ज्यात आहे तो फोन. जमलं तर घरातलं एक असं माणूस, ज्याने तो गेम कधी पाहिलेला नाही. आजी आल्या तर फारच चांगलं. लिफ्ट नाही, पण वर्ग तळमजल्यावरच असतो आणि सहा वाजता चहा येतो.